गाव केवढे?

पाठपरिचय : एखादे गाव लहान आहे की मोठे, हे आपण सहज सांगून टाकतो. पण ते कशावरून ठरवायचे? घरांवरून, माणसांवरून, की तेथे चालणाऱ्या कामांवरून? या पाठात सावली हे तालुक्याचे गाव आणि नागपूर महानगराभोवतीची लहान शहरे यांची उदाहरणे घेतली आहेत. त्यांच्या आधारे लोकसंख्या कशी मोजतात आणि त्या आकड्यावर काय काय अवलंबून असते, हे सांगितले आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात सावली नावाचा तालुका आहे. या तालुक्यात व्याहाड नावाची दोन गावे आहेत. एकाला व्याहाड बुज म्हणतात आणि दुसऱ्याला व्याहाड खुर्द. बाहेरगावचा माणूस ही नावे ऐकून गोंधळतो. उर्दू शिकणाऱ्या मुलांना मात्र ती चटकन कळतील. 'बुज' हे 'बुजुर्ग' या शब्दाचे लहान रूप आहे. बुजुर्ग म्हणजे मोठा, वडीलधारा. खुर्द म्हणजे लहान, धाकटा. पुणे आणि सातारा भागात याच 'बुजुर्ग'चे 'बुद्रुक' झाले. एकाच नावाची दोन गावे असली, की जुन्या काळी दफ्तरात एकापुढे बुजुर्ग आणि दुसऱ्यापुढे खुर्द असे लिहीत. गाव केवढे आहे, हे त्याच्या नावावरूनच कळावे, अशी ती सोय होती.

त्या काळी गावांचे आणखीही प्रकार मानले जात. शेती करणाऱ्यांच्या गावाला मौजा म्हणत. जेथे बाजार भरे आणि सरकारी कचेरी असे, त्या गावाला कसबा म्हणत. त्याहून मोठे ते शहर. मौजा, कसबा, शहर, तालुका, जिल्हा हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि मराठीचेच होऊन गेले. सातबाराच्या कागदावर आजही 'मौजा' हा शब्द दिसतो.

परंतु नाव एकदा पडले, की ते सहसा बदलत नाही. माणसे मात्र वाढतात, कमी होतात, एका गावातून दुसऱ्या गावाला जातात. कधी कधी खुर्द गाव वाढून बुजुर्ग गावाच्याही पुढे जाते. म्हणून गाव केवढे आहे, हे कळण्यासाठी वेळोवेळी माणसे मोजावी लागतात.

माणसे मोजण्याच्या कामाला आज आपण जनगणना म्हणतो. जुन्या मराठीत तिला खानेसुमारी म्हणत. खाना म्हणजे घर आणि शुमारी म्हणजे मोजणी. घरे मोजायची, मग घरांतील माणसे मोजायची, असा त्याचा अर्थ. शिरगणती असाही एक शब्द होता. शिर म्हणजे डोके. डोकी मोजायची ती शिरगणती. उर्दूत जनगणनेला मर्दुमशुमारी म्हणतात. खानेसुमारी आणि मर्दुमशुमारी या दोन्ही शब्दांच्या शेवटी तीच 'शुमारी' आहे.

भारतात १८७२ साली पहिली जनगणना झाली. तेव्हा सर्व प्रांतांत एकाच वेळी मोजणी झाली नव्हती. १८८१ सालापासून देशभर एकाच वेळी माणसे मोजली जाऊ लागली. त्यानंतर २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी जनगणना होत राहिली. मध्ये दोन महायुद्धे झाली, देशाची फाळणी झाली, तरी हे काम चुकले नाही. २०२१ ची जनगणना मात्र कोविडच्या साथीमुळे पुढे ढकलावी लागली.

२०११ च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २२ लाख भरली. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १० लाख ७३ हजार होती. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातूनच वेगळा झाला. त्याचा बहुतेक भाग जंगलाने व्यापलेला आहे. तेथे एका चौरस किलोमीटरमध्ये सरासरी ७४ माणसे राहत होती. चंद्रपूर जिल्ह्यात हीच संख्या १९३ होती, तर सगळ्या महाराष्ट्राची सरासरी ३६५ होती. म्हणजे जंगलाच्या या भागात वस्ती विरळ आहे. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला वेळ लागतो. अशा ठिकाणी बाजाराचे एखादे लहान गावसुद्धा दूरवरच्या लोकांना आपले वाटते.

आता एक प्रश्न उभा राहतो. गाव कोठे संपते आणि शहर कोठे सुरू होते? जनगणनेच्या हिशेबात शहर दोन प्रकारे ठरते. पहिला प्रकार सोपा आहे. जेथे महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा छावणी मंडळ असेल, ते शहर. दुसऱ्या प्रकारात तीन अटी पाहतात. लोकसंख्या किमान ५,००० असावी. एका चौरस किलोमीटरमध्ये किमान ४०० माणसे राहत असावीत. आणि मुख्यतः काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के पुरुष शेतीखेरीज दुसरी कामे करत असावेत. या तिन्ही अटी पूर्ण झाल्या, की तेथे ग्रामपंचायत असली तरी जनगणना त्या गावाला शहर मानते.

तिसऱ्या अटीकडे जरा लक्ष द्या. तिच्यात पुरुषांचेच काम धरले आहे. सावली, मूल, सिंदेवाही हा धानाचा मुलूख आहे. पावसाळ्यात चिखलाने भरलेल्या बांधीत वाकून रोवणी करण्याचे काम मुख्यतः बाया करतात. घरातील पुरुष दुकानात किंवा वाहनावर काम करतो आणि घरातील बाई शेतावर राबते, अशी घरे येथे पुष्कळ आहेत. अशा गावाला शहर म्हणायचे की खेडे? आकड्याचे उत्तर एक येते आणि डोळ्यांना दिसणारे उत्तर दुसरे असते.

सावली हे असेच दोन्हींच्या मधले गाव आहे. स्वातंत्र्यापूर्वी ते खादीच्या कामासाठी ओळखले जाई. १९३६ साली गांधी सेवा संघाची बैठक सावलीत भरली होती आणि तिच्यासाठी महात्मा गांधी येथे येऊन राहिले होते. तालुक्यातील पाथरीजवळ आसोलामेंढा हा इंग्रजांच्या काळात बांधलेला मोठा तलाव आहे. त्याच्या पाण्यावर येथील धानाची शेती होते. सावलीला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर मूलला जावे लागते. पूर्वी येथे ग्रामपंचायत होती. पुढे राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणांना नगरपंचायती देण्याचे ठरवले आणि सावलीतही नगरपंचायत आली. आपल्या राज्यघटनेत १९९२ साली ७४ वी दुरुस्ती झाली. तिच्यात नगरपंचायतीचा अर्थ सांगितला आहे : जे क्षेत्र खेड्याकडून शहराकडे वाटचाल करत आहे, त्यासाठी नगरपंचायत. म्हणजे सावली वाटेवर आहे. गावाच्या कडेला धानाच्या बांध्या आहेत आणि मधल्या रस्त्यावर बँका, दुकाने आणि कचेऱ्या आहेत.

मग सावली केवढे? रात्री जेवढी माणसे सावलीत झोपतात, तेवढे, असे जनगणना म्हणेल. कारण माणूस जेथे राहतो, तेथे त्याला मोजतात. पण सकाळी नऊनंतर सावलीच्या बसथांब्यावर जाऊन पाहा. कोणी तहसील कचेरीत दाखल्यासाठी आलेला असतो. कोणी बँकेत पैसे काढायला आलेला असतो. कॉलेजची मुले-मुली एसटीतून उतरतात. लेकराला घेऊन एखादी आई दवाखान्यात जाते. बी-बियाणे, खत, कापड, वह्या-पुस्तके, सायकलीचे सुटे भाग, सगळ्यासाठी आसपासच्या खेड्यांतील लोक येथेच येतात. आठवडी बाजाराच्या दिवशी तर रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. ही सारी माणसे संध्याकाळी आपापल्या गावी परत जातात. सावलीच्या लोकसंख्येत ती धरली जात नाहीत. मात्र सावलीचे पाणी ती पितात, सावलीच्या रस्त्यांवरून चालतात आणि त्यांच्यामागे साचलेला कचरा सावलीलाच उचलावा लागतो.

म्हणून लहान शहराचा भार त्याच्या लोकसंख्येपेक्षा नेहमी जास्त असतो. गावात राहणारी माणसे पाहून नळयोजना आखली, तर बाजाराच्या दिवशी पाणी अपुरे पडते. तेवढीच माणसे धरून स्वच्छतागृहे बांधली, तर खेड्यांतून आलेल्या बायकांची फार अडचण होते. अशा वेळी गाव गलिच्छ आहे, असे लोक सहज म्हणून जातात. हिशेबात न धरलेली माणसेही हेच गाव रोज सांभाळते, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

आता सावलीहून दीडशे किलोमीटरांपेक्षा दूर असलेल्या नागपूरकडे वळू. नागपूरची सुरुवातही लहान वस्त्यांपासूनच झाली. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी येथील बारा लहान वस्त्या जोडून नगर वसवले. पुढे ते भोसल्यांची राजधानी झाले. १८६१ साली इंग्रजांनी त्याला मध्य प्रांताची राजधानी केले. १८६७ साली रेल्वे आली. १८७७ साली जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस, गिरणी आणि रेल्वे यांमुळे माणसे येत गेली. २०११ च्या जनगणनेत एकट्या नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांहून अधिक भरली. गडचिरोली जिल्ह्यात सगळी मिळून जेवढी माणसे होती, त्यांच्या दुपटीहून अधिक माणसे या एका शहरात राहत होती.

ज्या क्षेत्राची लोकसंख्या १० लाख किंवा त्याहून अधिक आहे आणि ज्यात एकापेक्षा जास्त नगरपालिका किंवा पंचायती येतात, त्याला राज्यघटना महानगर क्षेत्र म्हणते. नागपूरच्या महानगर क्षेत्रात शहराभोवतीची कित्येक गावे आणि लहान शहरे येतात. त्यांची व्यवस्था पाहण्यासाठी २०१७ साली नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले.

ही लहान शहरे एकसारखी नाहीत. कामठी हे कन्हान नदीकाठचे गाव १८२१ साली इंग्रजांची छावणी म्हणून वसले. पुढे उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकरांनी तेथे हातमाग लावले. आजही तेथील मोहल्ल्यांत उर्दू ऐकू येते. २०११ साली कामठी नगरपरिषदेची लोकसंख्या सुमारे ८७ हजार होती. अमरावती रस्त्यावरील वाडी हे मालवाहतुकीचे आणि गोदामांचे ठिकाण झाले. हिंगणा आणि बुटीबोरी येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. कोराडी आणि खापरखेडा येथील केंद्रांत कोळशापासून वीज तयार होते. पेंच प्रकल्प आणि कन्हान नदी नागपूरला पाणी देतात. मोठ्या शहराचे दिवे, नळ आणि कारखाने चालतात, ते अशा लहान गावांच्या आधाराने.

येथे एक गंमत दिसते. सावलीत दिवसा माणसे येतात आणि रात्री निघून जातात. महानगराभोवतीच्या पुष्कळ वस्त्यांत याच्या उलट घडते. शहरात जागा महाग असते, म्हणून लोक कडेच्या गावात घर घेतात. दिवसा शहरात नोकरी करतात आणि रात्री झोपायला गावी येतात. अशी गावे जनगणनेत भराभर वाढलेली दिसतात. सावलीसारख्या गावाचे काम मोठे असते आणि आकडा लहान राहतो. महानगराच्या सावलीत वाढलेल्या वस्त्यांचा आकडा मोठा होतो. पण बाजारासाठी आणि दवाखान्यासाठी तेथील लोक शहराकडेच धावतात. म्हणून दोन गावांचे आकडे सारखे असले, तरी त्या गावांची गरज सारखी असेल असे नाही.

जगातील इतर देशांतही हा प्रश्न आहे. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात शिकागो हे मोठे शहर आहे. २०२० च्या जनगणनेत त्या शहराची लोकसंख्या सुमारे २७ लाख ४६ हजार होती. पण शिकागो महानगर क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ९६ लाख भरली. याचा अर्थ असा, की त्या महानगरातील दर १०० माणसांपैकी ७० हून अधिक माणसे मुख्य शहराबाहेर, आसपासच्या लहान-मोठ्या गावांत राहतात. नागपूरचे चित्र वेगळे दिसते. २०११ साली नागपूर आणि त्याला चिकटून असलेली वस्ती मिळून सुमारे २४ लाख ९८ हजार माणसे होती. त्यांतील दर १०० पैकी सुमारे ९६ माणसे शहराच्या हद्दीतच होती.

या फरकाचे एक कारण मोजण्याच्या रीतीत आहे. आपली जनगणना नागरी समूह ठरवताना वस्ती एकमेकींना लागून आहे का, हे पाहते. मध्ये मोकळी शेते आली, की पलीकडचे गाव वेगळे धरतात. अमेरिकेत काउंटी नावाचा विभाग असतो. तो साधारण आपल्या जिल्ह्यासारखा असतो. तेथे महानगर ठरवताना लोक कामाला कोठे जातात, हे पाहतात. एखाद्या काउंटीतील काम करणाऱ्यांपैकी किमान चौथा हिस्सा लोक मुख्य शहराच्या भागात कामाला जात असतील, तर ती काउंटी त्या महानगरात धरतात. एक रीत घरांकडे पाहते, दुसरी माणसांच्या जाण्यायेण्याकडे. दोन्हींत लबाडी नाही. पण प्रश्न बदलला, की उत्तर बदलते. म्हणून कोणताही आकडा वाचताना तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे आधी विचारावे.

सावलीच्या भागात मोजणीची आणखी एक अडचण आहे आणि ती फार महत्त्वाची आहे. धान निघाले, की येथील शेतात काम उरत नाही. मग सावली, मूल, सिंदेवाही, गोंडपिपरी या भागांतील मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात. साधारण जानेवारीपासून दोन-तीन महिने ते तिकडेच, शेताच्या कडेला झोपडी बांधून राहतात. काही जण लेकरांना बरोबर नेतात, काही आजी-आजोबांजवळ ठेवून जातात. २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी झाली, तेव्हा असे हजारो मजूर तिकडे अडकले. पुष्कळ जण डोक्यावर गाठोडे घेऊन पायी गावाकडे निघाले. एवढी माणसे कामासाठी बाहेर जातात, हे अनेक शहरी लोकांना तेव्हा पहिल्यांदा कळले.

आता जनगणनेचे दिवस आठवा. २०११ साली माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. नियम असा होता, की जो माणूस या सगळ्या काळात घरापासून दूर असेल, त्याला घरी धरायचे नाही. तो जेथे असेल, तेथे मोजायचे. मधल्या काही दिवसांत जरी तो घरी राहणार असला, तरी त्याला घरीच मोजायचे. नियम योग्य आहे, कारण एका माणसाची दोनदा मोजणी होता कामा नये. पण मिरची तोडणारा मजूर फेब्रुवारीभर परमुलखात असतो. गावी त्याला धरत नाहीत. आणि तिकडे शेताच्या कडेच्या झोपडीपर्यंत प्रगणक पोचला नाही, तर तो माणूस कोठेच मोजला जात नाही. दोन हात राबतात, एक पोट जेवते, पण देशाच्या वहीत ते नाव नसते.

एखाद्याचे नाव राहिले, तर काय बिघडले, असे कोणाला वाटेल. बिघडते ते असे. प्राथमिक आरोग्य केंद्र किती माणसांमागे असावे, याचे प्रमाण ठरलेले आहे : मैदानी भागात ३०,००० लोकसंख्येला एक आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात २०,००० ला एक. उपकेंद्रासाठी हेच प्रमाण ५,००० आणि ३,००० आहे. गाव थोडक्यात कमी पडले, तर केंद्र दुसरीकडे जाऊ शकते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली देशात किती लोकांना स्वस्त धान्य द्यायचे, ही संख्या २०११ च्या जनगणनेवरून ठरली. नगरपंचायतीचे प्रभाग, अनुसूचित जाती आणि जमातींच्या राखीव जागा, विधानसभा व लोकसभा मतदारसंघांच्या सीमा, सरकारी अनुदानाचा वाटा, या सर्वांत लोकसंख्येचा आकडा लागतो. न मोजलेल्या माणसाचा वाटा त्याच्या गावाला मिळत नाही. आणि अशी माणसे जेथे जास्त, ती गावे आधीच गरीब असतात.

केंद्र सरकारने २०२५ साली पुढील जनगणना जाहीर केली. तिच्यासाठी देशाच्या बहुतेक भागांत १ मार्च २०२७ च्या आरंभीची मध्यरात्र ही वेळ धरली आहे आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ साठी ठरवली आहे. म्हणजे मोजणी पुन्हा मिरचीच्याच हंगामात येते. अशा वेळी शिकलेल्या मुला-मुलींवर मोठी जबाबदारी असते. ज्या घरातील माणसे कामाला बाहेर जाणार आहेत, त्यांना आधी सांगता येईल, की तिकडे प्रगणक आला तर नाव सांगा. आला नाही तर मालकाला किंवा गावच्या शाळेत विचारा. घरी कोण राहते, कोण केव्हा परत येणार आहे, हे प्रगणकाला खरे सांगता येईल. वाढवून सांगू नये आणि लपवूही नये. १९४८ च्या जनगणना कायद्याने ही माहिती गुप्त ठेवली जाते. एखाद्या माणसाने दिलेली उत्तरे न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाहीत. तेव्हा भिण्याचे कारण नाही.

२०११ च्या मोजणीत प्रत्येकाला मातृभाषा विचारली होती आणि येत असलेल्या आणखी दोन भाषाही विचारल्या होत्या. हा पाठ वाचणाऱ्या पुष्कळ मुलांच्या घरी मातृभाषा उर्दू आहे आणि येणाऱ्या भाषांत मराठी आहे. दोन्ही नावे अभिमानाने सांगावीत. राज्यात कोणती भाषा किती लोक बोलतात, हे अशा उत्तरांवरूनच कळते.

गाव केवढे, या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात संपत नाही. रात्री किती माणसे राहतात, दिवसा किती येतात आणि हंगामात किती बाहेर जातात, या तिन्ही गोष्टी पाहिल्या, तर गावाचे खरे माप कळते. नागपूरसारखे महानगर असो की सावलीसारखे लहान गाव, प्रत्येक माणूस एकदा आणि एकदाच मोजला गेला पाहिजे. मोजलेल्या माणसाचीच गरज कागदावर येते आणि कागदावर आलेली गरज मागता येते.

शब्दार्थ

जनगणना – माणसांची मोजणी, मर्दुमशुमारी
लोकसंख्या – राहणाऱ्या माणसांची संख्या, आबादी
दफ्तर – सरकारी कागदपत्रे ठेवण्याची जागा
विरळ – दाट नसलेली
बांधी – धानाच्या शेताचा बांध घातलेला तुकडा
रोवणी – धानाची रोपे चिखलात लावण्याचे काम
प्रगणक – घरोघर जाऊन माणसे मोजणारा कर्मचारी
परमुलूख – दुसरा प्रदेश
टाळेबंदी – सर्व व्यवहार बंद ठेवणे
अनुदान – सरकारकडून मिळणारी पैशाची मदत, इमदाद
गुप्त – कोणाला न सांगितलेले, पोशीदा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'बुज' हे कोणत्या शब्दाचे लहान रूप आहे?
(आ) जुन्या मराठीत जनगणनेला काय म्हणत?
(इ) नागपूर नगर कोणत्या राजाने वसवले?
(ई) सावलीच्या लोकांना रेल्वेसाठी कोठे जावे लागते?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जनगणनेत गावाला शहर मानण्यासाठी कोणत्या तीन अटी आहेत?
(आ) नागपूरला भोवतालच्या गावांचा आधार कसा मिळतो?
(इ) भारत आणि अमेरिका यांच्या महानगर मोजण्याच्या रीतींत कोणता फरक आहे?

प्र. ३. कारणे द्या.
(अ) बाजाराच्या दिवशी लहान शहरात पाणी अपुरे पडते.
(आ) मिरची तोडणारा मजूर जनगणनेतून सुटण्याची भीती असते.
(इ) प्रगणकाला खरी माहिती देण्यास भिऊ नये.

प्र. ४. रिकाम्या जागा भरा.
(अ) भारतात पहिली जनगणना ........ साली झाली.
(आ) कामठी हे ........ नदीकाठचे गाव आहे.
(इ) आदिवासी भागात ........ लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे प्रमाण आहे.

प्र. ५. (अ) विरुद्धार्थी शब्द लिहा : मोठा, दिवस, विरळ, महाग, खरे.
(आ) वचन बदला : गाव, झोपडी, रस्ता, नदी, शाळा.
(इ) वाक्यात उपयोग करा : गोंधळणे, अवलंबून असणे, अपुरे पडणे, लक्ष देणे.

प्र. ६. पाठात आलेले, उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द शोधून लिहा.

उपक्रम : पाच-पाच मुलांचे गट करा. आठवडी बाजाराच्या दिवशी आणि इतर एका दिवशी, सकाळी एक तास, तुमच्या गावच्या बसथांब्यावर किती माणसे उतरतात ते मोजा. ती कोणत्या गावांहून आली आणि कशासाठी आली, हे नम्रपणे विचारा. मिळालेली माहिती तक्त्यात लिहा आणि तुमचे गाव दिवसा केवढे असते, यावर दहा ओळी लिहा.